सहाणेवरचा पिक

एका गावी एक वृद्ध गिटारवादक राहत. दृष्टांत म्हटला की गुरूच्या हाती वीणा हवी, निदान एकतारी तरी हवी, असं काहींना वाटेल. वाटो बापडे. या गुरूंच्या हाती गिटार होती आणि सारं गाव त्यांना मास्तर म्हणत असे.

गिटारच्या तारा छेडायला नखाएवढी तिकोनी चकती लागते, तिला वादक पिक म्हणतात. वाजवून वाजवून तिची कड झिजते. झिजलेला पिक इतर वादक टाकून देतात. मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकही टाकला नव्हता. एका लाकडी पेटीत सारे जपून ठेवलेले, आणि कुठला कोणत्या मैफलीचा हे ते अचूक सांगत. त्यांत एक तपकिरी पिक होता. पत्नीने ऐकलेली त्यांची शेवटची मैफल त्या पिकाने वाजवलेली. त्याला कुणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे.

ग्रामदेवतेच्या उत्सवात मास्तरांनी वाजवायचं, ही गावाची जुनी रीत. पण संधिवाताने त्यांची बोटं आखडली, आणि त्या वर्षी त्यांनी आपली जागा हेरंब नावाच्या शिष्याला दिली. हेरंब गुणी. हात स्वच्छ, लय पक्की. तरीही त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. लोक येणार ते मास्तरांचा तो घुमारेदार, किंचित हळवा नाद ऐकायला. तो आपल्या हातून निघाला नाही तर हसं होईल, आणि नाव जाईल ते गुरूचं! नाचता येईना त्याला अंगण वाकडं दिसतं म्हणतात. याला नाचता येत होतं, पण अंगण मात्र गुरूचंच हवं होतं.

त्याने धीर करून ती पेटी मागितली. मास्तरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि काही न विचारता देऊन टाकली.

हेरंब एकेका पिकाने वाजवू लागला, तर तार नुसती खरखरायची. निरखून पाहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की मास्तरांच्या प्रत्येक पिकाची एकच बाजू झिजलेली आहे, आणि तीही तिरपी. मनगट आत मुरडून धरलं तरच ती कड तारेवर नीट बसते. त्याला वाटलं, गवसलं! हेच गुरूचं रहस्य. मग काय, मनगट मुरडून त्याने रियाज आरंभला. मनगट सुजलं. गुरूचा नाद काही आला नाही, आणि पदरचा होता तोही गेला. उत्सव तोंडावर आला तेव्हा साधी भूपाळी त्याला धड वाजेना. अखेर पेटी परत घेऊन तो मास्तरांकडे गेला. दुसरा कुणी पाहा, मी गिटार सोडतो, असं सांगता सांगता त्याला रडू फुटलं.

मास्तरांनी त्याचं मनगट हातात घेऊन पाहिलं. मग ते उठले, देवघरातून चंदनाची सहाण आणली, तिच्यावर थोडं पाणी शिंपडलं, पेटीतून तो तपकिरी पिक काढला आणि सहाणेवर घासू लागले.

हेरंबने घाबरून त्यांचा हात धरला. "मास्तर, काकूंची आठवण आहे ती!"

मास्तर थांबले नाहीत. आखडलेल्या बोटांनी ते सावकाश घासत राहिले. तिरपी कड नाहीशी होऊन टोक सारखं गोल झालं, तेव्हाच ते बोलले.

"तरुणपणी मी झाडावरून पडलो. मनगट मोडलं आणि बसवताना वाकडंच बसलं. सरळ हाताने वाजवणं मला जमेना, म्हणून तिरप्या हाताने वाट काढली. त्या वाटेला लोक माझा नाद म्हणतात. तू नाद शिकायला निघालास आणि माझं दुखणं गिरवत बसलास, वेड्या. तुझा हात देवाने धड ठेवलाय. तो काय म्हणतो ते ऐक की जरा."

"पण काकू..."

"तुझी काकू माझं वाजवणं ऐकायला बसायची. मी जपून ठेवलेल्या चकत्यांना ती हसायची." एवढं बोलून त्यांनी तो पिक हेरंबच्या तळहातावर ठेवला.

उत्सवात हेरंबने सरळ हाताने वाजवलं. आरंभी मंडपात चुळबुळ झाली, कुजबुजही झाली. मग हळूहळू सगळे निवांत ऐकू लागले. शेवटी एक वयोवृद्ध व्यापारी, मास्तरांचा जुना श्रोता, मंडपात बसलेल्या मास्तरांजवळ आला आणि जरा संकोचून म्हणाला, "मास्तर, रागावू नका. पोरगा गोड वाजवतो. पण ऐकताना तुमची आठवण म्हणून एकदाही आली नाही."

हेरंबने मान खाली घातली. मास्तरांचे डोळे मात्र भरून आले, आणि ते आनंदाने हसत होते. त्यांनी व्यापाऱ्याला हात जोडले, शिष्याला आपल्याशेजारी बसवून घेतलं आणि हळूच विचारलं, "हेरंब, मध्ये ते तू काय वाजवलंस रे? मला उद्या दाखवशील?"