सारवणावरचं पाऊल

“मग ती ओळ पुसली कोणी, महाराज?”

विश्वंभरने विचारलं महाराजांना, पण डोळे रोखले होते सदानंदावर.

मठातल्या जुन्या पोथ्या पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर विश्वंभर दोन वर्षं लिहीत होता. लिनक्सच्या त्या मशीनला हात लावणारे दोघंच, तो आणि त्याचा गुरुबंधू सदानंद. काल टर्मिनलमध्ये, म्हणजे मशीनला लेखी हुकूम द्यायच्या खिडकीत, आज्ञा टाइप केली, तर पोथ्या भराभर उघडल्या होत्या. आज सकाळी सगळ्यांसमोर त्याने मोठ्या ऐटीत आयकॉनवर क्लिक केलं, आणि निरोप आला: पोथ्यांचा पत्ता दिलेला नाही.

अख्ख्या मठासमोर नाक कापलं गेलं.

तो पत्ता एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला सुरू होतानाच मिळणाऱ्या माहितीत, होता. एका फाइलीतली एक ओळ.

“फाइल उघडून पाहिलीस?” महाराजांनी विचारलं.

“पाहिली. ओळ आहे.”

“आहे?”

“आता आहे! सकाळी यानेच काढली असणार, आणि मागाहून गुपचूप परत घातली. महाराज, मठात एक तर हा राहील, नाहीतर मी.”

संशयाचं असंच असतं. वस्तू सापडली तरी चोर हवाच.

सदानंदाने महाराजांना वाकून नमस्कार केला, खुंटीवरची आपली झोळी घेतली आणि बाहेर पडला.

“पाहिलंत? मनात खोट नसती तर गेला असता का?”

“पुढच्या दाराने बाहेर जा,” महाराज म्हणाले. “गोठ्याला वळसा घाल आणि मागच्या दाराने आत ये.”

हे काय खूळ? महाराजही त्यालाच सामील आहेत की काय? विश्वंभरच्या मनात पाल चुकचुकली. पण गुरूची आज्ञा, गेला बिचारा.

पुढच्या दाराशी नेहमीप्रमाणे गंगाक्का बसल्या होत्या. आज मौन आहे का, पंगत किती वाजता, कुठली जमीन ओली, हे त्या आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. बाहेर जाणाऱ्याला कशाला सांगतील?

विश्वंभर मागच्या दाराने आत शिरला आणि त्याचा पाय सर्रकन घसरला. नुकतंच केलेलं सारवण, आणि त्यावर त्याचं लांबलचक पाऊल.

“जमीन ओली आहे, हे तुझ्यापासून कोणी लपवलं?” महाराजांनी विचारलं.

“लपवलं कोणीच नाही. गंगाक्का सांगतात की. पण मी त्यांच्या दाराने आलोच नाही, म्हणून...”

वाक्य तोंडातच राहिलं.

तो मशीनकडे धावला. टर्मिनल उघडून आज्ञा दिली, तर पोथ्या हजर. लगेच आयकॉनवर क्लिक केलं, तर सकाळचाच निरोप. मधे कोणी फाइलीला हात लावला नव्हता, खोलीत दुसरं माणूसच नव्हतं. टर्मिनल उघडताना ती फाइल वाचतं. आयकॉन त्या वाटेने येतच नाही.

तो परतला तेव्हा त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता.

“कोणीच काही पुसलं नव्हतं, महाराज. जी फाइल लॉगिन होतानाच वाचली जाते, तिच्यात ती ओळ हलवतो. मग कुठूनही उघडा, चालेल. पाच मिनिटांचं काम आहे.”

महाराज ओल्या सारवणाकडे पाहत होते...

“ओळ थांबेल,” ते म्हणाले. “सदानंद कुठल्या दाराने गेला, ते आधी बघ.”