नव्या फरशीवर शेण

एकदा एका व्यापाऱ्याने स्वयंपाकघरात नवी फरशी घालायला काढली आणि त्यापायी गवंडी, एक वृद्ध साधू व त्या साधूचा शिष्य अशा तिघांनाही भंडावून सोडले.

व्यापारी माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. धान्याचे दुकान सचोटीने चालवत होता. लग्नाच्या भानगडीत पडला नव्हता. आईबाप लहानपणीच गेले, मागोमाग थोरला भाऊही गेला, तेव्हा या पोरक्या दिराला वहिनींनी न्हाऊमाखू घालून वाढवले. आता दोघांच्याही केसांत पांढरे दिसू लागले होते, आणि घर म्हणजे हे दोघेच.

त्या घरातल्या स्वयंपाकघराला जुना कोबा होता. मोरीच्या अलीकडे तो खचला होता, त्यामुळे मोरीत जायचे पाणी मध्येच मुक्काम करी. वहिनी सांगत, "भाऊजी, इथे पाणी साचतं हो. पाय सरकतो." शेट म्हणे, "बघू." फारच मागे लागल्या तर गवंड्याकडून वरून सिमेंटचा पातळ हात फिरवून घेई. काही दिवसांत त्याचे पापुद्रे निघत आणि खड्डा जिथल्या तिथे. या "बघू"ने आपल्या घरांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे उंदरांनीही केले नसेल.

व्हायचे तेच झाले. बाहेरगावचे चार व्यापारी जेवायला बसले होते. वहिनी वरणाचे पातेले घेऊन निघाल्या, नेमक्या त्याच जागी घसरल्या. वरण भिंतीपर्यंत उडाले आणि त्यांचे मनगट मोडले. शेट पाहुण्यांसमोर ओशाळला आणि त्या ओशाळलेपणात ओरडला, "चालता येत नाही तर मिरवता कशाला? बसून राहा की एका जागी!"

वहिनी हात गळ्यात बांधून दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावी भावाकडे निघून गेल्या.

शेटाने माणसाबरोबर भारी लुगडे पाठवले, निरोप धाडला, "झालं ते झालं, आता या." लुगडे घडीसकट परत आले. निरोपाला उत्तर नाही. घर खायला उठले. मग शेटाच्या डोक्यात आले, फरशी! पांढरीशुभ्र, तोंड दिसेल अशी फरशी घालू, म्हणजे वहिनी आपोआप येतील.

गवंड्याने आल्या आल्या पहार टाकून पाहिली. "शेट, कोबा उखडावा लागेल. उंचवटे फोडू, खड्डा खणू, घट्ट भरू, मोरीकडे ढाळ काढू. मग सुकू द्यावं लागेल, आणि मग फरशी."

"सुकायला वेळ कुणाला आहे?" शेट खेकसला. "खड्ड्यात वाळू टाक, सपाट कर, वरून फरशी बसव. दिसायला छान दिसली म्हणजे झालं."

गवंड्याने कपाळावर हात मारला आणि सांगितले तसे केले.

गावाबाहेरच्या मठीत एक वृद्ध साधू राहत. सगळे त्यांना बाबा म्हणत, आणि वहिनींची त्यांच्यावर फार श्रद्धा. घडलेली हकीकत गावाने त्यांच्या कानावर घातलीच होती. शेट मठीत जाऊन हात जोडून म्हणाला, "बाबा, तुम्ही एक शब्द टाका. तुमचा शब्द वहिनी मोडणार नाहीत. फरशी एकदम झकास झाली आहे."

"त्यांना तू काय बोललास?" बाबांनी विचारले.

"रागाच्या भरात बोललो असेन काहीतरी."

बोललो असेन! स्वतःच्या तोंडून गेलेले वाक्य, चार माणसांच्या देखत गेलेले, आणि हा गृहस्थ त्याबद्दल अंदाज व्यक्त करतो. ऐकणाऱ्याने भिंतीवर डोके आपटावे असे हे "असेन". बाबांनी मात्र शांतपणे उपरणे खांद्यावर टाकले. "चल, फरशी बघू," म्हणाले. शिष्यही निघाला. हा शिष्य अभ्यासात तल्लख, स्वभावाने तापट, आणि दुपारच्या उन्हात पायी चालवल्यामुळे त्या दिवशी आणखीच तापलेला.

फरशी खरोखर देखणी होती. शेट कौतुकाची वाट पाहत दारात उभा राहिला. बाबांनी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत काठी टेकत चक्कर मारली; मोरीजवळ आवाज पोकळ आला. मग शिष्याला म्हणाले, "शेजारच्या गोठ्यातून बादलीभर शेण आण."

"शेण?"

"शेण. ताजं आण. आणि थोडं पाणी."

शिष्याने एकदा गुरूकडे पाहिले, एकदा फरशीकडे, आणि पाय आपटत गेला. बादली आणली, नाक मुरडून खाली ठेवली. बाबा खाली बसले, बाह्या सरसावल्या, शेण कालवले आणि त्या आरशासारख्या पांढऱ्या फरशीवर सावकाश, हात गोल फिरवत, सारवायला सुरुवात केली.

शेटाला आधी वाटले, म्हातारपण. मग वाटले, काही विधी असेल. पण बाबा मोरीकडून उंबऱ्याकडे सरकू लागले तेव्हा त्याचा धीर सुटला. "बाबा! अहो, हे काय चालवलंय? नवी कोरी फरशी आहे ती!"

"तीच तर सारवतोय."

"फरशी कुणी सारवतं का?" आता शिष्यही चिडला. "गुरुजी, मातीची जमीन सारवतात. यावर ते शेण धरणारसुद्धा नाही. सुकलं की पोपडे निघतील."

"निघतील ना?" बाबा हात न थांबवता म्हणाले. "तेवढं तुला कळतं, मग शेटाला सांग. मी वरून करतोय, त्याने खालून केलं. सारवासारव ती सारवासारव."

"माझी फरशी पक्की आहे!" शेट ओरडला. अंगाचा नुसता भडका उडाला होता. "सारवासारव म्हणे! ही बघा, बघा किती पक्की आहे!" आणि आपला शब्द पटवण्यासाठी त्याने पाय उचलून मोरीजवळच्या फरशीवर दाणकन आपटला.

फरशी कडकन तडकली. आतली वाळू खाली बसली आणि शेटाचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. शेणात हात टेकून त्याने कसाबसा तोल सावरला. त्याच्याही लक्षात यायला क्षणभर लागला, की ही जागा वहिनी पडल्या तीच.

बाबांनी हात धुतले आणि त्याच्यासमोर बसले. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यांचाही धीर संपत आला होता, हे शिष्याला जाणवले.

"त्या बाईने तुला जागा दाखवली होती. तू वरून हात फिरवलास. त्या पडल्या, तेव्हा तुझ्या मनाला टोचलं. ते टोचणं सहन होईना म्हणून तू त्यांच्यावरच ओरडलास. मग लुगडं पाठवलंस, निरोप पाठवलास, आता फरशी. प्रत्येक वेळी वरून काहीतरी. अरे, फरशी खालच्या जमिनीच्या आधाराने टिकते. खाली पोकळ असेल तर ती जितकी सुंदर, तितकी फसवी. तू काय बोललास ते तुला अक्षर न् अक्षर आठवतं. ते आधी उकरून काढ. मला मध्यस्थ करून काय फायदा? मी तुझ्या फरशीवरचा आणखी एक थर."

शेटाने खड्ड्यातून पाय उपसला, टॉवेल शोधला नाही, कपडे बदलले नाहीत, तसाच चालू लागला.

वहिनी भावाच्या ओसरीवर एका हाताने तांदूळ निवडत होत्या. दीर समोर येऊन उभा राहिला तरी त्यांनी सुपावरून मान वर केली नाही.

"वहिनी," शेट म्हणाला, "तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही. तुम्ही पडलात ते माझ्यामुळे. आणि मी म्हणालो, चालता येत नाही तर मिरवता कशाला, बसून राहा की एका जागी. चारचौघांत म्हणालो." इतके बोलून तो ओसरीच्या पायरीवर बसला. "मी शेण खाल्लं, वहिनी."

वहिनींनी वर पाहिले. त्याच्या हातांकडे पाहिले, धोतराकडे पाहिले. "ते मला ठाऊकच आहे. पण हे अंगाला कसलं माखलंय?"

"हे बाहेरून लागलंय. खाल्लेलं वेगळं."

वहिनींना हसू आले आणि हसता हसता डोळे भरले. सूप बाजूला ठेवून त्यांनी विचारले, "फरशी घातलीत म्हणे?"

"फुटली. उरलेली काढायला लावणार आहे. खड्डा खणून ठेवतो. ढाळ कुठून कुठे द्यायचा ते तुम्ही येऊन सांगा. तुम्ही सांगेपर्यंत गवंडी हात लावणार नाही."

त्या आल्या. फरशी काढलेल्या, धुळीने भरलेल्या, जागोजागी खणलेल्या त्या स्वयंपाकघरात त्या आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहून डाव्या हाताने दाखवू लागल्या: इथे साचतं, तिथे उंच आहे, या कोपऱ्यात ओल येते. गवंडी खडूने खुणा करत होता. शेट एकदाही "बघू" म्हणाला नाही. उंचवटे फुटले, खड्डा तळापासून भरला गेला, सुकायचा तेवढा वेळ सुकला. तोवर दोघांनी ओसरीवर शेगडी मांडून दिवस काढले. शेवटी फरशी बसली तेव्हा वहिनींनी उंबऱ्यापाशी तांब्याभर पाणी ओतले. पाणी कुठेही न थांबता सरळ मोरीत गेले.

त्या दिवशी बाबा आणि शिष्य तिथेच जेवले. परतताना शिष्याने विचारले, "गुरुजी, शेटाच्या पायाखाली फरशी फुटली नसती तर?"

"तर तुला आणखी एक बादली आणायला पाठवलं असतं," बाबा म्हणाले. शिष्य वैतागला, पण वाटेत त्याला स्वतःचीच एक सारवासारव आठवली. मठीत पोचल्यावर त्याने आपल्या धाकट्या गुरुबंधूला हाक मारली. महिन्याभरापूर्वी त्याला काहीतरी लागट बोलून झाल्यावर, "अरे, गंमत केली," असे म्हणून याने विषय मिटवला होता. आता तो त्याच्याजवळ बसला आणि म्हणाला, "ती गंमत नव्हती."

आपल्याही घरात पाणी साचते अशी एखादी जागा असतेच, आणि तिथे घसरणाऱ्या माणसाला ती अचूक ठाऊक असते. नवी फरशी निवडायला जाण्याआधी एकदा त्याला विचारून पाहा.