पाताळतोंडातली हळद

टेंभाळ्याच्या मागचा डोंगर बघायचा असतो, चढायचा नसतो, असे म्हातारे डोमाजी पाहुण्यांना आल्या आल्या बजावतात. तरी कुणीतरी चढतोच आणि चपलेचा तळ चिरून घेऊन खाली येतो. सगळी चुनखडी. पावसाने धुऊन धुऊन दगडाची उभी पाती झालेली, करवतीच्या दातांसारखी. पाऊस इथे भरपूर पडतो, पण जमिनीवर टिकत नाही, भेगाभेगांतून आत जातो. गावचा एकुलता एक ओढा डोंगराच्या पायथ्याशी येतो आणि तिथल्या काळ्या भोकात दिसेनासा होतो. त्या भोकाला पाताळतोंड म्हणतात. पाहुणे वाकून बघतात, आत खडा टाकतात, कान लावतात. मग डोमाजी काठावर बैठक मारून केजाबाईची गोष्ट काढतात.

फार मागे टेंभाळ्यात केजाबाई नावाची बाई होती म्हणे. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच लेक, फुलवंता. ती तिने डोंगरापलीकडच्या झरप गावात दिली. झरपात डोंगराच्या पोटातून बारमाही झरा निघतो. आपण जन्मभर हंडे वाहिले, निदान पोरीच्या मानेला सुख लागावे, एवढे बघून तिने ते स्थळ केले. अंतर म्हटले तर एका डोंगराचे. पण करवतीवरून कोण जाणार? वळसा घालून जायचे तर वाट लांबची आणि दाट रानातली. त्यामुळे दिल्या घरची लेक सणावारालाच दिसायची.

फुलवंताला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण दिवस भरत होते चैत्रात, आणि चैत्रात टेंभाळ्यात प्यायला पाणी मिळायची मारामार, तिथे बाळंतिणीच्या न्हाणीला कुठून आणणार? केजाबाईच्या डोक्यात हाच भुंगा. ओढा हिवाळाभर वाहायचा, पण सगळे पाणी त्या भोकात. आत राक्षस बसला आहे आणि तो आपल्या हक्काचे पाणी पितो, असे गाव मानत होते. भोक बुजवावे हा विषय चावडीवर दरवर्षी निघायचा आणि राक्षसाच्या भीतीने मागे पडायचा. त्या वर्षी केजाबाई सरळ पुरुषांच्या बैठकीत जाऊन उभी राहिली.

"माही पोट्टी बाळंतपनाला येऊन राह्यली. तिले का धुळीनं न्हाऊ घालू? बुजवा ते तोंड!"

बाई पुढे झाली म्हटल्यावर बाप्यांना मागे राहणे लाजिरवाणे झाले. गावदेवी मातामायचा कौल घेतला. घरटी माती आली, गवत घालून ती पायांनी मळली, आणि दगडांवर तिचे थर बसवून पाताळतोंड बंद केले. पहिली टोपली केजाबाईने टाकली. पाणी चढू लागले. ज्या गावाने तळे कधी पाहिले नव्हते त्या गावात म्हशी पाण्यात बसल्या. केजाबाई तर रोज उगाचच काठावर जाऊन यायची. डोंगराच्या भेगांत आंबेहळद उगवते. ती खणून, वाळवून, कुटून तिने लेकीच्या अंगाला लावायला मडके भरून ठेवले. कच्च्या कैरीसारखा वास तिचा. झरपाच्या बाजूला ती होत नाही.

लेक काही आली नाही. आला तो बांगड्या विकणारा कासार. म्हणाला, झरपाचा झरा आटला, लोक गाव सोडायच्या बेतात आहेत, आणि फुलवंताला आता एवढी वाट चालवणार नाही.

केजाबाईच्या मनात पाल चुकचुकली. ती पाटलाकडे धावली. "पाटील, आपन अडवलेलं पानी त्याइचं तर नसन?"

पाटील हसला. "पाताळ खाली असते बाई, झरप बाजूला हाय. पाताळातलं पानी झरपात कसं निंगन? आन् पयली टोपली तुहीच होती ना? आता तूच म्हन्तं काढा?"

केजाबाई उठून तळ्याच्या काठावर आली. खरेच होते ते. शिवाय ती चुकली असती तर सगळ्या गावाचे तळे तिच्या एका शंकेपायी गेले असते.

पण बांध कितीही लिंपला तरी थोडे झिरपतेच. एका कोपऱ्यात पाणी बारीक धारेने आत जात होते. केजाबाईने घरून मडके आणले आणि लेकीची सगळी हळद मूठमूठ करून त्या धारेत सोडली. मडके रिकामे झाल्यावर तिने पदर खोचला आणि वळशाची वाट धरली.

ती झरपात पोचली तेव्हा गाड्या जुंपलेल्या होत्या. झऱ्याच्या कुंडात ओंजळभर पाणी साचले होते आणि ते पिवळे होते. देवीचा कोप झाला, कुणी शिवू नका, असे म्हातारे ओरडत होते. तेवढ्यात गर्दीतून अवघडलेली फुलवंता पुढे आली, पाण्यात हात घालून तिने तो नाकाशी नेला आणि हुंदका देऊन म्हणाली, "कोप नाही वो, माह्या मायची हळद हाय हे!"

केजाबाई गर्दीतून वाट काढत लेकीपाशी गेली.

लेकीचे दिवस अगदी भरले होते. आईने तिथेच थांबायचे. पण तिने स्वतः जाऊन सांगितल्याशिवाय टेंभाळे ऐकणार नव्हते. लेकीच्या तोंडावरून हात फिरवून ती तशीच माघारी निघाली. झरपाचे चार जण पिवळ्या पाण्याची घागर घेऊन सोबत आले. टेंभाळ्यात घागर हातोहात फिरली. ज्याने त्याने वास घेतला. सगळे आपल्या तळ्याकडे बघत राहिले. पुढचा उन्हाळा कसा जाणार हे प्रत्येकाला ठाऊक होते. केजाबाई गळ्याइतक्या पाण्यात उतरली आणि तिने पहिला दगड उपसला. मग पाटलाने पागोटे काढून काठावर ठेवले आणि तोही उतरला.

झरपात पाणी आले ते लालभडक, मातीचे. त्याच वेळी फुलवंता बाळंत झाली, मुलगी झाली, असे सांगतात. आजी जवळ नव्हती. नातीची पहिली आंघोळ आजीच्या टोपलीतल्या मातीने झाली.

टेंभाळ्यात आता नळ आला आहे. तरी आजही चैत्र लागला की टेंभाळ्याचे झरपातले जावई झऱ्याच्या घागरी खांद्यावर घेऊन, डोंगराला वळसा घालून, चालत टेंभाळ्याला येतात. गावातल्या आया त्यातले घोटभर पाणी पितात, उरलेल्यात आंबेहळद कालवतात आणि ते पाताळतोंडात ओततात. त्या दिवशी झरपात दिलेल्या टेंभाळ्याच्या साऱ्या लेकी पलीकडे झऱ्यावर ओंजळ धरून उभ्या असतात.

कुणीतरी पाहुणा विचारतोच, एवढ्याशा हळदीचा वास डोंगर ओलांडून जातो का?

डोमाजी उठून धोतर झटकतात. "आमच्या पोट्ट्या तं येते म्हन्तेत."