लाल जिभेचा मासा

एकदा काय झालं, जर्मनी देशात नदीकाठी एक गाव होतं, वेल्सबुर्ग. गावाला दगडी तट होता आणि वेस एकच. तिकडं प्रत्येक गावाची खूण म्हणून एक ढाल असायची. इतर गावांच्या ढालीवर सिंह असायचे, गरुड असायचे. या गावाच्या ढालीवर मात्र मासा. आणि त्याच्या तोंडात माणसाची लाल जीभ! कशी आली? ऐका.

त्या गावाची एक रीत होती, बरं का. पूर आला की वेशीत फळ्या बसवायच्या आणि फटींत चिखल लिंपायचा. पण त्याआधी वेसकर कुंट्झआजोबा एकेकाचं नाव पुकारायचे. ज्याचं नाव, त्यानं ओ द्यायची. फळ्या बसल्या की मग काढायच्या नाहीत. काढल्या तर अख्खं गाव बुडेल.

तिथं योस्ट राहायचा आणि त्याची मोठी बहीण आग्नेस. आईबाप नव्हते. ताईनंच त्याला वाढवलं होतं. योस्ट भारी उतावळा.

एकदा पूर आला. सगळे धावत आत शिरले. आजोबांनी पुकारलं, "योस्ट!"

"आलो!"

"आग्नेस!"

योस्टला वाटलं, ताई मागंच आहे. त्यानं वळूनही बघितलं नाही. म्हणाला, "आली, आली! लावा लवकर!"

फळ्या बसल्या. आणि बाहेरून हाक आली.

"योस्ट, पाणी घोट्याला लागलं रे!"



मग हाक आली, "कमरेला लागलं रे!"

योस्ट फळ्यांना झोंबला. लोकांनी त्याला धरून ठेवलं. आजोबा रडत म्हणाले, "पोरा, तूच म्हणालास ना, आली म्हणून?"

मग नुसतंच, "योस्ट..." आणि मग काहीच नाही.

योस्ट हिसडा देऊन सुटला, तटावर चढला आणि त्यानं पुरात उडी टाकली. खाली होडीएवढा मासा!

मासा म्हणाला, "तुझी ताई माझ्या पाठीवर आहे. वर नेतो. पण ज्या जिभेनं 'आली' म्हणालास, ती मला दे."

"घे!" योस्ट म्हणाला. तेच त्याचं शेवटचं बोलणं.

माशानं शेपटी आपटली. दोघं तटावर येऊन पडली. ताई खोकली. तिनं डोळे उघडले. जिवंत होती, बरं का. जिवंत!

काय रे? त्याला दुखलं का? छे. ताई होती ना समोर.

तटावरून लोकांनी हे सगळं पाहिलं, ऐकलं होतं. मग गावानं तो मासा ढालीवर काढला. दुसऱ्याची ओ आपण द्यायची नाही, हा त्याचा अर्थ. ताई बोलायची, योस्ट हसायचा. दोघं सुखानं राहिली, म्हातारी होईपर्यंत. खूप म्हातारी.

चला, पांघरूण घ्या. मिटा डोळे.