रबराला लटकलेली सळई

त्या बैठकीची आठवण झाली की आजही माझी मान खाली जाते.

ओढ्यावरच्या झुलत्या पुलाचं गणित माझ्याकडे होतं. पूल पोलादी सळयांना टांगायचा होता आणि हादरे कमी व्हावेत म्हणून प्रत्येक सळई वर एका रबरी जोडाला अडकवायची होती. संगणकात मी रबर आणि पोलाद यांच्या ताकदीची सरळ बेरीज केली आणि ओझ्याखाली पूल जेमतेम झुकेल, हे उत्तर बैठकीत मांडलं.

सरपंच गयाबाई आणि गावकरी समोर बसले होते. आमच्या कचेरीत नव्याने आलेली अभियंता मृण्मयी तावडे म्हणाली, “सर, पूल इतका कमी झुकणार नाही.”

“दोन वस्तू जोडल्या की ताकद वाढते,” मी म्हणालो. “वीस वर्षं पूल बांधतोय मी. तुम्ही चहाचं बघा.”

सगळे हसले. मृण्मयी शांतपणे म्हणाली, “सर, दोघांनी शेजारी उभं राहून हंडा उचलला तर ओझं वाटलं जातं. पण एक जण फांदीला लटकला आणि दुसरा त्याच्या पायांना, तर वरच्याचं ओझं कमी होतं का?”

गयाबाईंनी मला विचारलं, “साहेब, आमची पोरं त्या पुलावरून शाळेत जाणार. तुमच्या पुलात दोघं शेजारी आहेत, की एक लटकलाय?”

“लटकलाय,” मी म्हणालो.

गणित नव्याने केलं, तेव्हा पूल आधीच्या उत्तराच्या सहापट झुकत होता आणि रबर फाटत होतं. चूक मी गावाला पत्राने कळवली. मृण्मयीची माफीही मागितली, पण माझ्या खोलीत, दार लावून. अपमान मात्र चारचौघांत केला होता.