सहा पौंडांचं बाळ

एकदा एका पेठेत एक वृद्ध वैद्य राहत असत. नवी मापं नुकतीच आली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. दुकानांत किलो आला होता. पण माणसांच्या तोंडी अजून शेर आणि पौंडच होते. तान्ह्या बाळाचं वजन कोणी किलोत सांगितलं, तर ऐकणाऱ्याला ते भाजीचं वाटायचं. वैद्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्याकडे एक शिष्य शिकत होता. हुशार, हिशेबाला पक्का, आणि आपण हिशेबाला पक्के आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. झोळीत बाळ घालून वजन करायचा नवा, किलोचा काटा आबांनी त्याच्याच ताब्यात दिला होता.

त्या पेठेतल्या भास्कर नावाच्या किराणा दुकानदाराला लग्नानंतर फार वर्षांनी मुलगा झाला. तालुक्याच्या दवाखान्यात नर्सबाईंनी जुन्या काट्यावर वजन करून सांगितलं, सहा पौंड. बारसं झाल्यावर भास्कर आणि त्याची बायको सुगंधा बाळाला दाखवायला आले, तेव्हा आबा परगावी रोगी बघायला गेले होते. शिष्याने बाळाला झोळीत घातलं. दोन किलो आठशे भरलं. जन्माचं किती होतं, असं त्याने विचारलं. आता, भास्कर दुकानात चहा विकताना दोन पौंडांचा किलो धरायचा. गिऱ्हाइकाशी घासाघीस नको, म्हणून सगळी पेठच तसं धरायची. त्याच सवयीने तो म्हणून गेला, तीन किलो. आणि आमच्या हिशेबी शिष्याने, हे तीन किलो आले कुठून, एवढंही न विचारता गंभीर चेहऱ्याने सांगून टाकलं, की बाळ घटतंय, आईचं दूध पुरत नाहीसं दिसतं.

झालं. घरात ठिणगी पडायला एवढं वाक्य पुष्कळ होतं. सासूबाई म्हणाल्या, हिचं दूधच बाळाच्या अंगी लागत नाही. शेजारणींनी री ओढली. सुगंधाला पान्हा फुटत असताना बाळाला तिच्यापासून तोडून डब्याच्या दुधावर घातलं. ती बिचारी काय बोलणार? बाटली कशी उकळायची, पावडरीत पाणी किती घालायचं, कोणाला धड माहीत नाही. बाळाला हगवण लागली. आबांना बोलावणं आलं, तोवर फार उशीर झाला होता. बाळ गेलं.

काही दिवसांनी सुगंधा आबांच्या दारात आली. मागे भास्कर, खाली मान घालून. तिचं रडून झालेलं होतं. तिने एकच विचारलं, "आबा, माझं दूध वाईट होतं का हो?"

आबांनी तिला बसवलं आणि नर्सबाईंच्या तोंडचा नेमका शब्द विचारला. सहा पौंड, असं भास्करने सांगितलं. औषधांच्या फळीजवळ उभ्या असलेल्या शिष्याने मनातल्या मनात हिशेब केला. सहा पौंड म्हणजे दोन किलो सातशेच्या किंचित वर. बाळ वाढत होतं. अरे देवा, बाळ तर वाढत होतं! तो बोलायला पुढे झाला, तेवढ्यात आबा उठले. त्यांनी खुंटीवरचा नवा काटा काढला, उंबऱ्यावर ठेवला आणि खलातल्या बत्त्याने त्याचे तुकडे केले.

"मुली, तुझं दूध चांगलं होतं," ते म्हणाले. "बाळाच्या अंगी लागत होतं. हा काटा खोटा निघाला. चूक माझ्या घरची आहे."

सुगंधाने पदर तोंडावर घेतला आणि ती मोठ्याने रडू लागली. भास्करने तिला हाताला धरून घरी नेलं.

ती दोघं गेल्यावर शिष्य कसाबसा म्हणाला, की काटा खरा होता.

"खरा होता," आबा म्हणाले. "भास्करचा हिशेबही त्याच्या दुकानापुरता ठीक होता. चहात थोडं इकडेतिकडे झालं, तर कोणाचं काही जात नाही. तान्ह्या बाळाच्या अंगावर मुळात तेवढंच मांस असतं. तिने दुधाचं विचारलं, त्याचं उत्तर मी खरं दिलं. पण पुढे दोष कोणाचा, हे तिच्या मनात आलंच असतं. मी नवऱ्याकडे बोट दाखवायचं? त्या दोघांना आता एकमेकांशिवाय आहे कोण? दोष कुठेतरी ठेवायला हवा होता, तो लोखंडावर ठेवला."

शिष्याचे डोळे भरून आले. आपण आत्ता जाऊन तिचे पाय धरतो, सगळं सांगून टाकतो, असं तो म्हणू लागला.

"जा, सांग," आबा म्हणाले. "पण त्याने सुटका कोणाची होईल, एवढं बघून जा. तिची, की तुझी?"

शिष्य दारापर्यंत गेला आणि तिथेच खाली बसला.

पुढे तो स्वतः वैद्य झाला. कोणीही बाळाचं वजन सांगितलं, की ते कोणत्या मापाने केलं, कोणी केलं, हे खोदून खोदून विचारायचा. लोक त्याला चक्रम म्हणत. भास्कर-सुगंधाला पुन्हा मूल झालं नाही. त्यांच्या दुकानावरून जाताना शिष्याची मान आपोआप खाली जायची. ते सुगंधाच्या लक्षात आलं होतं. मग तीच त्याला हाक मारून थांबवायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, "तुम्ही कशाला जिवाला लावून घेता, भाऊ? काटाच खोटा होता, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

आणि तो दर वेळी म्हणायचा, "हो, वहिनी."