पाचपट विश्वासाचे साहेब

कोल्हापूरकडच्या एका पंप कंपनीचे चेअरमन रणनवरेसाहेब बोलायला उभे राहिले, की सभेत खोकायलाही परवानगी लागायची. यंदाच्या वार्षिक सभेत त्यांनी पडद्यावर एक रेघ दाखवली, खालून थेट वर गेलेली.

"हा आपला पी-ई रेशो. शेअरचा भाव भागिले शेअरमागे वर्षाचा नफा. पाच वर्षांपूर्वी बारा होता, आज साठ आहे. म्हणजे लोकांचा माझ्यावरचा विश्वास पाचपट झाला. तेव्हा माझा पगार दुप्पट करण्याचा ठराव मांडतो."

टाळ्या पडल्या. जेवणात तांबडा-पांढरा रस्सा होता.

मालन चौगुले उठल्या. त्यांच्याकडे चार म्हशी होत्या आणि या कंपनीचे दोनशे शेअर.

"साहेब, पाच वर्षांपूर्वी भाव किती होता?"

"सहाशे. आजही सहाशेच."

"म्हणजे शेअरमागे नफा तेवढा पन्नासाचा दहा झाला. बाजारात म्हैस घेताना आम्ही धार काढून बघतो. दूध आटलं आणि मालक किंमत तीच सांगायला लागला, तर त्याला आम्ही विश्वास म्हणत नाही."

साहेब हसले. "ताई, हे म्हशीचं गणित नव्हे. इथं हा आकडा वाढला की कर्तबगारीच समजतात."

"मग तुमच्याच गणितानं जाऊ," मालनताई म्हणाल्या. "तुमची खुर्ची, हार, मान सगळं आहे तेवढंच ठेवू. फक्त पगार पाचवा हिस्सा करू. मान भागिले पगार काढून बघा, तुमची इज्जत आजच्या आज पाचपट होते."

ठराव साहेबांनी स्वतःच मागे घेतला. एवढी इज्जत त्यांना पेलवणारी नव्हती.